खिळे ठोकलेली माणसे

मी, श्रावण उकंडा मनवर, वय अंदाजे त्रेसष्ट (माझ्या जन्माची नोंद करावी असे कोणाला वाटले नाही, म्हणून अंदाजे), धर्म बौद्ध, धंदा लाकूड कातण्याचा, राहणार पुसद, जिल्हा यवतमाळ, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या सांगण्यावरून किंवा दडपणाखाली नव्हे तर स्वतःच्या मर्जीने, माझ्या मागे काय कोणाचे व्हावे हे लिहून ठेवतो. माझ्या छातीत भुसा बसला आहे आणि चार पावले चालले की दम लागतो. पण डोके ठिकाणावर आहे. तसा सरकारी डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

कचेरीसमोरचा अर्जनवीस म्हणाला की एवढी कहाणी मृत्युपत्रात बसत नाही. त्याच्याकडून मी कायद्याची वाक्ये तेवढी विचारून घेतली, बाकीचे स्वतः लिहितो आहे. अक्षर मी चाळिशीत शिकलो. वाकडे आहे, पण वाचता येते.

कलम १. पुसदमधील माझे दोन खोल्यांचे टिनाचे घर माझ्या स्वकष्टाचे आहे. त्याची पुढची खोली मुलगी नलू हिला व मागची खोली मुलगा गोविंदा याला द्यावी. नलू यावर रागावेल. गोविंदाला काहीच देऊ नये असे मी पहिल्या कागदावर लिहिले होते. तो कागद मी फाडला. कारण कलम ६ मध्ये आहे.

कलम २. माझी खराद, म्हणजे लाकूड फिरवून कातायचे यंत्र, त्याची दोरी, सगळ्या पटाश्या आणि लाखेच्या रंगाच्या कांड्या एकट्या नलूच्या. दहाव्या वर्षापासून तिने माझ्या खरादीची दोरी ओढली. तिच्या चौदाव्या वर्षी मी दोरी ओढायला बसलो आणि पटाशी तिच्या हातात दिली. नातेवाईक म्हणाले, पोरीने खरादीवर बसणे बरे दिसत नाही. ज्यांना बरे दिसत नाही त्यांनी दुसरीकडे पाहावे.

हे काम मी झरीकडच्या जंगलात शिकलो. तिथे लाकडाच्या आगारात मी ओंडके उचलायला होतो. एका म्हाताऱ्या कारागिराने मला शिकवले, हे त्याचे उपकार. पण पटाशी तो माझ्या हातात कधी देत नसे. जमिनीवर ठेवी, मग मी उचलायची. नऊ वर्षे मी हत्यार मातीतून उचलले. नलूला पहिली पटाशी मी माझ्या हाताने तिच्या हातात दिली, तेव्हा तो म्हातारा आठवला आणि तोंड कडू झाले.

कलम ३. आता खेळण्याबद्दल.

छप्पन साली मी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. पुढच्या वर्षी आमच्या गावातले फेटेवाले पुढारी बबनराव यांच्या संस्थेने आपल्या शाळेत बालवाडी काढली. तिथल्या बाई, रुखमाबाई भगत, माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, लहान पोरांना हाताळता येईल असे काहीतरी करून द्या, तोंडात घातले तरी चालेल असे. मी हळदूच्या लाकडाची आठ माणसे कातली. प्रत्येकाचे तीन तुकडे: डोके, धड, पाय. खालच्या तुकड्याला वर खुंटी, वरच्याला खाली भोक. सगळ्या खुंट्या एका मापाच्या, त्यामुळे कोणाचेही डोके कोणाच्याही धडावर बसे आणि कोणाचेही धड कोणाच्याही पायांवर. एक मास्तर, एक पोलीस, एक डाकवाला, एक भटजी, एक फेटेवाला मालक, एक आरशांच्या घागऱ्याची तांड्यावरची बाई, एक ढोलवाला गोंड, आणि आठवी झाडूवाली.

झाडूवाली म्हणजे माझी आई, तुळसाबाई. ती पुसदच्या बैलबाजारात झाडायची. कंबरेत जराशी वाकलेली होती, म्हणून धड मी थोडे कलते कातले. तिचा दुसरा फोटो किंवा चित्र कुठे नाही.

पोरांनी त्या माणसांचा नुसता धुडगूस घातला. पोलिसाच्या डोक्याखाली घागरा, भटजीच्या पोटाखाली ढोलवाल्याचे पाय. रुखमाबाई सांगत की घरी न्यायची वेळ झाली तरी पोरे उठत नाहीत. मी मधूनमधून तुकडे घासून द्यायला जात असे आणि उगाच तासभर बसत असे. आयुष्यात तेवढेच दिवस मला माझ्या कामाचा अभिमान वाटला.

अठ्ठावन साली तपासणीला पाहुणे आले. टेबलावर पोरांनी माणसे जुळवून ठेवली होती. त्यात फेटेवाल्या मालकाचे डोके माझ्या आईच्या धडावर होते, हातात झाडू. पाहुणे हसले आणि म्हणाले, बबनराव, हे तर तुमच्यासारखेच दिसतात. बबनरावही हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावले.

मला त्यांनी खुर्ची दिली नाही, पण आवाज गोड होता. "श्रावण, पोरं लहान आहेत. कोनाचं काय कोनाले लावावं हे त्यायले कळत नाही. आपल्याले तर कळते ना?"

दोन वर्षांनी त्यांनी गोविंदाला गाठले. गोविंदाला त्या शाळेत शिपायाची जागा हवी होती. त्याने माझीच हातोडी नेली आणि कपाटात नीट मांडता यावीत म्हणून सात माणसांना डोक्यातून पायापर्यंत लांब खिळे ठोकले. मास्तरावर मास्तर, पोलिसावर पोलीस. आठवी बाई बबनरावांना कपाटात नकोच होती. तिचे तीन तुकडे पोरांचे दूध उकळायच्या चुलीत गेले. चुलीत घालणारा माझा मुलगा. त्याच आठवड्यात त्याच्या अंगावर खाकी कपडे आले.

मी विचारले तेव्हा तो जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "लाकूडच त होतं, बाबा. मी नोकरी पक्की करून राह्यलो ना."

मी म्हणालो, "तुही आजी होती ते." त्याने पुढचा घास घेतला. त्या घासाची मला आजही शिसारी येते. त्या दिवसापासून मी त्याच्यासोबत एका पंगतीला बसलो नाही.

दुसऱ्या दिवशी पकड घेऊन मी शाळेत गेलो आणि पोरांसमोर खिळे उपसायला बसलो. हळदूत खिळा एकदा गेला की नीट बाहेर येत नाही. पहिल्याच माणसाचे डोके मधोमध फाटले. तरी मी थांबलो नाही. सातही फुटली. पोरे रडायला लागली. बबनराव दारात येऊन उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "खिळे होते तवर चांगली होती. मोडली ते तू मोडली, श्रावण." ते खोटे नव्हते, हेच किळसवाणे.

कलम ४. ती सात फुटकी माणसे खरादीखालच्या पोत्यात आहेत. ती गोविंदाला द्यावी. त्याने एकदा सगळी बाहेर काढून पाहावी. मग जाळावी की ठेवावी, त्याची मर्जी.

रुखमाबाईंनी त्याच महिन्यात शाळा सोडली आणि उमरखेड रस्त्यावरच्या तांड्यात पोरे गोळा करून शिकवू लागल्या. मी आणि नलूने मिळून दुसरा संच कातला, पुन्हा आठ माणसांचा, सगळ्या खुंट्या एका मापाच्या. तो आजही तांड्यात वापरात आहे. तो रुखमाबाईंच्या मालकीचा समजावा आणि त्याची दुरुस्ती नलूने विनामूल्य करावी. रुखमाबाईंना मी साक्षीदार केले नाही, कारण ज्याला वाटा त्याची साक्ष ठेवू नये असे अर्जनवीस म्हणाला.

कलम ५. माझ्या पश्चात शाळेत शोकसभा घेऊ नये. बबनराव अशा सभेत बोलतात आणि बोलताना "आपला श्रावण" म्हणतील. त्या "आपला" शब्दाने मला ओकारी येते. माझ्या प्रेतावर त्यांनी पाठवलेला हार घालू नये. आला तर बैलबाजारातल्या एखाद्या बैलाला घालावा, तो निदान खाईल. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा करावा.

कलम ६. कलम ३ मध्ये मी एक गोष्ट गाळली. ती न लिहिता सही केली तर हा कागद खोटा होईल.

बबनरावांनी मला बोलावले आणि ते गोड बोलले, एवढेच मी वर लिहिले. मी काय उत्तर दिले ते लिहिले नाही. मी म्हणालो, "हो जी." घरी आलो आणि झाडूवालीचे तीन तुकडे नव्याने कातले. तिच्या खुंट्या जाड केल्या, भोके मोठी केली. म्हणजे तिचे डोके फक्त तिच्याच धडावर बसेल आणि तिच्या धडावर दुसऱ्या कोणाचेही डोके बसणार नाही. बाकीची सात माणसे आपसात मिसळायला मोकळी राहिली. मला कोणी मारले नव्हते, धमकावले नव्हते. संस्थेचे काम सुटू नये एवढेच माझ्या मनात होते. दीक्षा घेऊन दोन वर्षे झाली होती, आणि मी माझ्याच आईला, माझ्याच खरादीवर, वेगळे पाडले. नलू त्या वेळी दोरी ओढत होती. तिने विचारले, ही खुंटी जाड कशी झाली. मी म्हणालो, तू ओढ.

बालवाडीत गंगी नावाची मुलगी होती, चार वर्षांची. तिची आई शहरातल्या संडासांची सफाई करायची, आणि रुखमाबाईंनी भांडून तिला आत घेतले होते. नवे तुकडे देऊन आठवडा झाला असेल. मी बसलो होतो आणि गंगी मास्तराचे डोके माझ्या आईच्या धडावर बसवू पाहत होती. बसेना. तिने पोलिसाचे लावून पाहिले, मग डाकवाल्याचे, मग सगळ्यांची. तळहात लाल होईपर्यंत दाबले. शेवटी ते धड घेऊन माझ्याकडे आली.

"आबा, हिच्यावर कोनाचंच डोकं काहून बसत नाही?"

मी म्हणालो, "लाकूड फुगलं असन, माय, पान्यानं."

तिने ते धड उन्हात नेऊन ठेवले, वाळावे म्हणून. रोज थोडा वेळ ठेवत असे आणि पुन्हा लावून पाहत असे. रुखमाबाईंना वाटे, पोरीचा खेळ आहे. मला माहीत होते, आणि मी गप्प राहिलो.

गोविंदाच्या घासाची मला शिसारी येते हे खरे आहे. पण त्याने हातोडी उचलली त्याच्या दोन वर्षे आधी मी पटाशी उचलली होती. त्याला खाकी कपडे मिळाले, मला तर तेही मिळाले नाहीत. एका अपराधासाठी त्याला घराबाहेर काढायचे तर आधी मला निघावे लागेल. म्हणून मागची खोली त्याची. मी त्याला माफ केले असे कोणी समजू नये. मी फक्त त्याच्या बरोबरीला उभा आहे.

कलम ७. गंगी आता दहाएक वर्षांची असेल. आईसोबत नदीपलीकडच्या वस्तीत राहते, शाळा सुटली आहे असे ऐकतो. मी दोनदा तिच्या दारापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा तिथूनच परत आलो. तिच्यासाठी मी कोणतीही वस्तू ठेवत नाही. माझ्या हातची वस्तू तिने का घ्यावी? नलूवर एवढी जबाबदारी टाकतो की माझ्यानंतर महिन्याच्या आत तिने गंगीला गाठावे, तिच्या आईसमोर बसवावे आणि माझे नाव घेऊन सांगावे की लाकूड फुगले नव्हते.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. कलम ६ वाचताना थांबावे लागले, तेव्हा ते सेवादास यांनी वाचले.

सही: श्रावण उकंडा मनवर

आमच्यासमोर सही झाली, आम्ही एकमेकांसमोर सह्या केल्या:
१. सेवादास धावजी राठोड, राहणार तांडा, उमरखेड रस्ता
२. फुलचंद उत्तमसिंग चव्हाण, राहणार पुसद

ठिकाण: पुसद
दिनांक: ९ फेब्रुवारी १९६४