भाचीचा पट्टा आणि माझी डावी बाजू

ती. भावोजींना साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे आणि ताईचा आवाज पूर्वीसारखेच असतील, असं धरून चालतो.

तुम्ही मला पाठवलंत ते तुमच्या कन्येला चार शब्द सुनवायला, की संशोधन पुरे, आता नोकरीचा अर्ज टाक. शब्द तयार होते. पण प्रयोगशाळेत पोचतो तोच तिने मला सदरा काढायला लावला आणि छातीभोवती पट्टा आवळला (तिचा ठरलेला माणूस आला नव्हता, आणि मामा ही वस्तू आयत्या वेळीच उपयोगी पडते). पट्ट्याला आतून धातूच्या टिकल्या. दोन टिकल्यांतून मुंगीलाही कळणार नाही इतकी वीज सोडायची, बाकीच्यांवर विजेचा दाब मोजायचा, मग पुढची जोडी. हवा विजेला सहजी वाट देत नाही, म्हणून श्वास कुठे भरला ते संगणक हिशेबाने काढतो आणि चित्र रंगवतो. म्हणजे शेजारणींचीच रीत: घरात पाऊल न टाकता, खिडक्यांशी कान लावून आत कोण कुठे बसलंय ते सांगायचं. चित्रही तितपतच स्पष्ट.

त्या चित्रात माझी उजवी बाजू श्वासागणिक उजळायची, डावी खालून ढिम्म. दोष अर्थात माझा. टिकली निसटली, घाम आला, वाकडा बसलो, मध्येच बोललो. शेवटी छातीवरचे केस आड येतात म्हणून न्हावी बोलावला (कुठवर काढू, हे त्याने मला नाही, तिला विचारलं). तरी डावीकडे अंधारच. तिचे सर आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या आठवड्यात परीक्षक येतायत. हा माणूस बदल."

"पट्टा बरोबर आहे, सर," ती म्हणाली. "माणूस बिघडलाय."

खांद्यावर बसवून फिरवलेली पोर हो ही! वर मला विचारते, मामा, जिना चढताना दम लागतो का? म्हटलं, लागतो, या वयात शोभून दिसतो. तिला हसू आलं नाही. एकंदरीत माझं मत तुमच्यासारखंच झालंय: यंत्र फसवं, पोरगी हट्टी.

आपला आज्ञाधारक मेहुणा

ता. क. वरचं सकाळी लिहिलं. दुपारी तिने ओढत एक्स-रेला नेलं. डाव्या फुप्फुसाभोवती पाणी झालंय. वेळेवर कळलं, असं डॉक्टर म्हणतात. पत्र पोचेल तोवर काढलेलंही असेल. ताईला सांगा, मी भाचीकडे पाहुणचार झोडतोय.

आणखी एक. परीक्षकांपुढे तुलनेसाठी तिला साधारण माझ्या वयाची, माझ्याच घेराची निरोगी छाती हवीय. आपल्यात ती तुमचीच. तेव्हा मिळेल त्या गाडीने निघा. नोकरीच्या अर्जाचं तिला तुम्हीच समोरासमोर सांगा. मी सांगितलं असतं, पण तिच्याविरुद्ध बोलायला मला आता दम पुरत नाही.