समुद्रावरची पुस्तकं कोणी निवडायची

पनवेल, १९ मे

ती. वेणूमावशी,

तुला आणि तुझ्या नव्या गुडघ्याला वेगवेगळा नमस्कार. जिना चढतेस का? तू पाठवलेले नेऱ्याचे आंबे पोचले. दोन नासके निघाले, पण ते कुणी तुला कळवायचं नाही असं ठरलं आहे. (मी कळवते, कारण लपवू नये हे तूच शिकवलंस.) फोनवरचं बोलणं आमच्या घरात सगळ्यांना ऐकू जातं, म्हणून पत्र.

मी रागावलेली नाही. शाळेत जायच्या आधी तू मला वाण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून वाचायला शिकवलंस, आणि दर मे महिन्यात नागावच्या समुद्रावर न्यायची पुस्तकं प्राजूच निवडेल, असंही तूच ठरवलंस. आठ वर्षं मी निवडली. यंदा तुला येता येणार नव्हतं, तर परस्पर फोन करून ते काम दिपिकावहिनीला दिलंस. लग्न होऊन चार महिने झालेल्या माणसाला! असो.

माझी पद्धत तुला ठाऊक आहे. आधी शेवटचं पान वाचायचं. कुणी मेलं असेल तर बाद. कुणी बुडालं असेल तर समुद्राकाठी अर्थातच बाद. अक्षर बारीक असेल, बांधणी उन्हात सुटणारी असेल, तरी बाद. मग उरेल ते हलकंफुलकं. गेल्या वर्षी 'घरच्या घरी गांडूळखत' उरलं. बाबांनी ते डोळ्यांवर घेऊन दोन्ही दुपारी झोप काढली, म्हणजे उपयोग झालाच. वहिनीने मात्र पुस्तकांच्या प्रदर्शनात नुसती मुखपृष्ठं बघून दहा मिनिटांत पाच पुस्तकं उचलली. (अकरा मिनिटांत. मी घड्याळ बघत होते.)

खबरदारी म्हणून मीही माझी पिशवी भरून नेली. तिकडे बघते तर बाबा वहिनीचं 'पळालेल्या काकू' वाचत पोट धरून हसतायत, आणि ज्याने स्वतःची लग्नपत्रिकाही पुरती वाचली नव्हती तो केतनदादा त्यांच्या खांद्यावरून म्हणतोय, "बाबा, थांबा ना, माझं पान व्हायचंय!" माझ्या पिशवीकडे कुणी ढुंकून बघेना. सगळे नारळपाणी प्यायला उठल्यावर मी त्या काकू तपासायला घेतल्या, पेन्सिल हातात धरून. बाराव्या पानापर्यंत तीन चुका सापडल्या. त्यानंतर एकदम दादाची हाकच ऐकू आली, "प्राजे, भरती आली! पिशवी गेली बघ!" तेव्हा मी एकशे चाळीसाव्या पानावर होते आणि पाय घोट्यापर्यंत पाण्यात होते.

दादा पँट दुमडून धावला, पण हाती फक्त गांडूळखत लागलं. वहिनी एक शब्द लागट बोलली नाही. तिने त्याची ओली पानं एकेक सोडवली, सुरूच्या झाडाखाली वाळत घातली आणि म्हणाली, "ताई, तुमच्या खुणा आहेत यात, पुसल्या नाहीत हं." अशा माणसाशी भांडायचं कसं, सांग.

पुढच्या वर्षी कोणी निवडायचं ते तू ठरव. मी काही सुचवणार नाही.

तुझी (पहिली) विद्यार्थिनी,
प्राजक्ता

ता. क. काकू पळाल्यानंतरची हकीकत दुसऱ्या भागात आहे आणि तो वहिनीच्या माहेरी आहे. तो तू स्वतःसाठी म्हणून तिच्याकडे माग. माझ्याने मागवणार नाही.

आणखी एक. तुला खोटं बोलायला लावणं बरं नव्हे, तेव्हा आधी तू खरोखर वाच आणि मग इकडे पाठव. लवकर वाच.

आणि शेवटच्या पानावर काय आहे ते मला सांगू नकोस. काकू मेल्या असल्या तरी.