दसरूनं बुजवलेलं भोक

मुक्काम मूल, मंगळवार

आदरणीय देवाजीभाऊ,

सविनय जय भीम. आधी एक तक्रार नोंदवतो, म्हणजे मन शुद्ध होऊन पुढचं लिहिता येईल. मागच्या भेटीत आपण माझी पेन्सिल कानावर ठेवून माजरीला नेलीत. खाणीच्या वर्कशॉपात जन्मभर ओतकामाचे लाकडी साचे केलेल्या माणसाचा कान पेन्सिल दिसली की आपोआप पुढे येतो, हे मी समजू शकतो. पण ती पेपर तपासायची लाल पेन्सिल होती, आणि तेव्हापासून माझ्या वर्गातली मुलं संस्कृतात नापास होईनाशी झाली आहेत. आपला गुडघा कसा आहे?

इकडे क्षेम. आपली भाची नंदिनी विजेवरची गिटार घडवते आहे. वीस तारखेला पुण्यात गिटारी करणाऱ्या एका कारखान्यात ती दाखवायची. पसंत पडली तर नोकरी. (एम.एस्सी.चं काय, असं मी विचारलं नाही. म्हणजे एकदाच विचारलं.) या गिटारीला एक दांडी असते. ती दाबली की सूर हुडहुडी भरल्यासारखा कापतो. दांडीचं लोखंडी बूड आणि त्याला मागून ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा बसाव्यात म्हणून सागाच्या लाकडात आरपार खळगा कोरावा लागतो, केसभरही फरक न करता. त्यासाठी नंदिनीनं चार दिवस कानस घासून प्लायचा साचा केला: फळीत नेमक्या मापाचं भोक. फळी लाकडावर घट्ट बसवायची आणि लाकूड कोरणारं राउटर मशीन भोकाच्या कडेकडेनं फिरवायचं. थोडक्यात, साच्यातला कामाचा भाग म्हणजे जो तिथे नाहीच तो. (वैशेषिकांनी अभावालाही पदार्थ मानलं, ते उगीच नव्हे.)

मशीन राइस मिलमागच्या दसरू मिस्त्रीकडे आहे. साचा आणि लाकूड तिथे ठेवून, ‘बाबा, कोणाले हात लावू देऊ नोका,’ असं मला बजावून नंदिनी वायरी आणायला नागपूरला गेली. दुसऱ्याच दिवशी दसरूचं बोलावणं. चेहऱ्यावर उपकाराचं तेज. ‘गुरुजी, ताईच्या फळीले भोक पडलं होतं. बुजवून देल्लं. पैसे नोका देऊ.’ आणि बुजवलं असं होतं, की नखानं चाचपूनही सांधा लागेना.

त्याला समजावताना मी अभावापासून सुरुवात केली. दसरूनं सगळं ऐकून घेतलं, बिडी विझवली आणि म्हणाला, ‘म्हंजे भोक पायजे. असं सांगा नं.’ तासाभरात त्यानं नवं भोक पाडलं, आणि मशीन चालूच आहे म्हणून गिटारीचं लाकूडही त्याच साच्यानं कोरून टाकलं. आता दसरूचा जन्म दारंखिडक्या करण्यात गेला. आपल्याकडे पावसानं लाकूड फुगतं, म्हणून तो प्रत्येक मापाला चारी बाजूंनी बोटभर ढील ठेवतो. ‘पावसाळ्यात दाबते नं गुरुजी. मंग ताई मलेच बोलन.’ लोखंडी बूड बसवून पाहिलं, तर ते सरळ आरपार जाऊन त्याच्या चपलेवर पडलं. दसरू बराच वेळ खळग्यातून पलीकडे पाहत राहिला. ‘झडप लावून देऊ? कब्जे-बिजागऱ्या आहेत माह्याजवळ. चष्मा राहते आत.’

नंदिनी शुक्रवारी येते आहे. काल फोनवर विचारत होती, ‘साचा ठीक आहे नं बाबा?’ मी म्हटलं, मजबूत आहे.

आपला,
अंकुश

ता. क. १: पलंगाखाली जेवणाच्या टेबलासाठी राखून ठेवलेली आपली सागाची फळी (टेबल अकरा वर्षं होतंच आहे) आणि आपली हत्यारं घेऊन गुरुवारी यावे. फळी गिटारीला लागेल, साचा इथेच करू. दसरू मदतीला उत्सुक आहे. त्याला चहा आणायला पाठवू. फोनच करणार होतो, पण फोनवर आपण मध्येच हसता.

ता. क. २: वर एक गोष्ट गाळली. मशीन लाकडाला लावण्याआधी दसरूनं विचारलं होतं, ‘माप बराबर आहे नं गुरुजी?’ नंदिनीचा मापांचा कागद माझ्या खिशात होता. मी तो काढला नाही. हो म्हणालो. हे तिला शुक्रवारी मीच सांगणार आहे. आपण साचा मात्र चोख करा. आपली बहीण गेल्यापासून या घरात जो काही आवाज आहे तो नंदिनीचा. गिटार झाली की ती पुण्याला जाईल. इथे मला एकट्याला राहता येईल की नाही, मला माहीत नाही.