सही फक्त तिची

आंबागड
ता. १२ जुलै २०२४

ती. सत्यभामा मावशीस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आजकाल कोण पत्र लिहिते म्हणून हसशील. पण घरात फोन एकच, तो दिवसभर सासऱ्याच्या खिशात, आणि हे बोलणं त्याईच्यासमोर होत नाही.

मावशी, मले दिवस गेले आहेत. तांबी बसवली असूनही. तिसरा महिना लागला. अमरच्या वेळी किती रक्त गेलं ते तू पाहिलं आहेस. तो आता तीनचा, खुशबू सहाची. मले मरणाचं भेव वाटते. या पोराईले कोण पाहील?

तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात गेली होती. तिथल्या बाईनं सांगितलं का नवऱ्याची सही आण. हे हैदराबादले बांधकामावर, दिवाळीपर्यंत येत नाहीत. त्याईले सांगायची हिंमतही झाली नाही. शेजारीण म्हणते का मेडिकलमधून गोळ्या आणून देते.

रोवणं सुरू आहे. सासूबाईच्या बाजूले वाकून दिवसभर धान लावते अन् तोंड बंद ठेवते. काय करू ते लवकर लिही.

माया आहेच, आता थोडी अक्कलही पाठव.
तुझी,
तृप्ती

लाखनी
ता. १७ जुलै २०२४

चि. सौ. तृप्तीस,
अ. आ. व जयभीम.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, म्हणून अक्षर वाकडं. शाळेत तुझं होतं तसंच. प्रवासाची बंदी आहे, नाहीतर स्वतः आले असते.

आधी हे वाच. त्या गोळ्या घेऊ नकोस. तांबी आत असताना दिवस गेले तर आधी सोनोग्राफी लागते, गर्भ कुठे आहे ते पाहायला. भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात येत्या मंगळवारीच जा, उशीर करू नकोस.

नवऱ्याची सही कायद्यात कुठेच नाही. बाई अठराच्या वरची असली की सही फक्त तिची. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. तांबी फसली हे कारणही चालतं, आणि नाव गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. २०२१ साली कायदा सुधारला, तेव्हा मी नर्सच्या नोकरीत होते.

एक गोष्ट तुझ्या आईलाही कधी सांगितली नाही. नर्स म्हणून नवीन असताना मीच एका बाईला नवऱ्याची सही आण म्हणून परत पाठवलं. सही तेव्हाही लागत नव्हती. मला ठाऊक नव्हतं, मी विचारलंही नाही. आठ दिवसांनी तिला बैलगाडीत घालून आणलं, कोण्या दाईनं पोटात काडी घातली होती. जीव वाचला, पिशवी काढावी लागली. ती माझ्याकडे बघत होती.

म्हणून सांगते, तुला कोणी परत पाठवलं तर परत जाऊ नकोस.

जीव लावून वाट पाहणारी,
मावशी

आंबागड
ता. २८ जुलै २०२४

ती. मावशीस,
सप्रेम जयभीम.

मी बरी आहे. सगळं नीट झालं.

तुझं पत्र पोस्टमननं सासूबाईच्याच हातात दिलं. कोणाचं म्हणून विचारलं. त्याईले वाचता येत नाही, काहीही सांगता आलं असतं. पण बांधावर बसून मी अख्खं वाचून दाखवलं. त्या उठल्या अन् पुन्हा धान लावू लागल्या. पूर्ण पट्टा संपल्यावर म्हणाल्या का मलेही पाचवं नको होतं, पण कोणाले सांगू? मग म्हणाल्या का मंगळवारी मीच येईन तुझ्यासंगं.

सासूबाईनं सासऱ्याजवळून फोन मागून दिला, मी हैदराबादले ह्याईले लावला. म्हणाले, अमरच्या वेळी मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो, विसरलो नाही, तू जा.

सही मागतील म्हणून सासूबाईनं ह्याईच्या आधार कार्डाची झेरॉक्स घेतली होती. डॉक्टरबाईनं ती पाहिलीही नाही. सासूबाईले बाहेर बसवून मले एकटीलेच विचारलं, तुला काय हवं आहे? मावशी, मले असं कोणी कधी विचारलं नव्हतं. मले रडूच आलं. बाहेर बसवलं म्हणून सासूबाई रुसल्या होत्या. घरी येताना म्हणाल्या का बरंच केलं, असंच पाहिजे.

डोळा चोळू नकोस. तुझीच,
तृप्ती

आंबागड
ता. १८ ऑगस्ट २०२४

सत्यभामाबाईस जयभीम.

मी तृप्तीची सासू, तिच्याच हातानं लिहवून घेऊन राहिली. सून धान निंदते, मी रागावते तरी ऐकत नाही.

एक विचारायचं होतं. आमच्यासंगं रोवण्याले येत होती अशी एक पोरगी आहे. एकवीस वर्षांची, तिले दिवस गेले आहेत. कुठं जावं तिले समजून नाही राहिलं. काल माझ्याजवळ येऊन बसली. तिचं लगन नाही झालं. तिलेही चालते का?

उत्तर लवकर द्या. आपली विहीण

लाखनी
ता. २२ ऑगस्ट २०२४

सौ. विहीणबाईंस सप्रेम जयभीम.

चालतं. तिचं नाव मला लिहू नका, गावात कोणालाच सांगू नका. माझा डोळा आता बरा आहे. सोमवारी सकाळी भंडाऱ्याच्या बसस्थानकावर मी उभी असेन. तिला घेऊन या.

सत्यभामा