शेवटच्या सायकलस्वाराची जागा रिकामी आहे

राजमान्य राजेश्री सिल्वेस्टर परेरा, मुक्काम वसई, यांस डिलाईल रोडच्या आनंदा घाडीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. आठांपैकी सहा अंगं सध्या धरली आहेत, कारण पुढे येईलच.) तुझे गुडघे काय म्हणतात? कॉलिन आणि सूनबाई बऱ्या आहेत ना? तू वेळेवर जेवतोस ना? हेलनवहिनी गेल्यापासून तू फोन उचलत नाहीस. कॉलिनला विचारलं तर सकाळ असो की संध्याकाळ, "डॅडी झोपलेत" एवढंच सांगतो. कुठल्याही वेळी झोपलेली माणसं मी फक्त आपल्या टेलिफोन खात्यात पाहिली होती, आणि तिथेही तू त्यांच्यात नव्हतास. म्हणून हे पत्र. फोन वाजून वाजून गप्प बसतो, पत्र मात्र टेबलावर पडून राहतं आणि कधीतरी हात लागतोच. माझ्याबद्दल विचारशील तर मी अगदी मजेत आहे. चाळीच्या जागी टॉवर उभा राहिल्यापासून वारा भरपूर येतो, माणूस काय तो लिफ्टमध्येच दिसतो. दिवस कसा जातो कळतसुद्धा नाही.

तर झालं असं, की आमच्या वैभवने कॅनडात बसून बापाच्या शुगरवर उपाय शोधला आणि मला गिअरची सायकल पाठवून दिली. तिला इतके गिअर आहेत की मुलगा सांभाळणं सोपं वाटावं. आता सायकल आली म्हणजे चालवणं आलं. आमच्या इमारतीत अनुजा नावाची एक उत्साही बाई आहे, तिचा सायकलवाल्यांचा मोठा गट आहे. ही मंडळी दर रविवारी लांबवर जातात, आणि कुठेही न पोचता परत येतात. (मी विचारलं, तिकडे काम काय असतं? ती म्हणाली, काम नसतं, हेच तर काम. मला पटलं. माझ्याकडे तसंही दुसरं काही नव्हतं.) गेल्या रविवारी बेत असा होता: माटुंग्याच्या फाइव्ह गार्डनपासून निघायचं, सायनवरून मिठी नदी गाठायची, मग जमेल तिथे नदीच्या काठाकाठाने आणि बाकी गल्लीबोळांतून पवईपर्यंत उलटं वर चढायचं, आणि येताना पाण्याच्या मोठ्या नळांच्या कडेची वाट धरून वडाळ्याला उतरायचं.

पहाटे पोचलो तर सगळे घट्ट चड्ड्यांत, डोक्यावर टोप्या, आणि मी आपला खाकी पँटीला घोट्यापाशी रबर लावून. अनुजाने शिट्टी मारली. आधी सगळ्यांच्या पाठी दिसल्या, मग पाठीमागचे लाल दिवे दिसले, मग नुसता रस्ता. म्हटलं, चला, इथेही एकटेच. तेवढ्यात बाजूला पाहतो तर एक मुलगी माझ्याच चालीने सायकल मारते आहे. तिचं नाव सॅशा. परळला भाड्याच्या खोलीत राहते, बँकेत नोकरीला आहे, घरची माणसं सगळी परदेशात. तिने मला त्यांचा नियम समजावला. प्रत्येक फेरीत एकाने सगळ्यांच्या मागे राहायचं. जो शेवटचा असेल त्याच्यासोबत चालायचं, तो थांबला की थांबायचं, काही झालं तरी त्याला एकट्याला टाकायचं नाही. याला ते स्वीप म्हणतात. म्हणजे केरसुणी, आणि कचरा कोण ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

आता खरं सांगतो. सायनपर्यंत अंग गरम झालं होतं आणि पुढच्यांना गाठणं मला काही जड नव्हतं. टेलिफोनच्या तारा जोडायला खांद्यावर शिडी घेऊन सायकल मारलेली माणसं आपण. मी जोर लावणार, इतक्यात तिने विचारलं, "काका, सकाळी काही खाल्लंत का?"

सिल्व्या, तुझी शांतावहिनी गेल्यापासून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं. मी ते मिठीच्या वासावर ढकललं, आणि तेवढ्यापुरती नदी कामी आली. मग मी ठरवलं, आज आपण शेवटचे. नदीच्या काठावर मी बगळे बघायला थांबलो. (बगळा एकच होता, पण मी तो तीनदा बघितला.) बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. गिअर असा काही दाबला की पाय गरगर फिरतात आणि सायकल जागची हलत नाही, मग चेन उतरली, ती तिने चढवली आणि मी शेजारी उभा राहून हळहळलो. कुर्ल्यापाशी एक कुत्रं भुंकत मागे लागलं, त्याला बिस्किट घातलं तर ते भुंकायचं सोडून आमच्याबरोबरच चालू लागलं. म्हणजे शेवटचा नंबरही माझ्याकडे राहिला नाही. पवईला पोचलो तेव्हा बाकीच्यांचा चहा, फोटो, चहावाल्याशी भांडण, सगळं आटोपलं होतं. आम्ही दोघांनी निवांत चहा घेतला आणि मी बोलत सुटलो. महिन्याभराचं बोलणं तुंबलं होतं.

परतताना तिला आपल्या शिडीची गोष्ट सांगितली. दोन सायकली आणि एकच शिडी, पुढचं टोक तुझ्या खांद्यावर, मागचं माझ्या. तू जोरात गेलास तर मी ओढला जाणार, मी जोरात आलो तर तू तोंडावर पडणार, म्हणून जन्मभर तुझ्या गोगलगायीच्या चालीने चाललो. तिला खरं वाटेना. मग वडाळ्याला मिठागरांच्या बाजूचा मोकळा रस्ता लागल्यावर मी एक हात खांद्याशी धरून दाखवायला निघालो, आणि दाखवता दाखवता देहभान हरपलं. भानावर आलो तेव्हा मी अनुजाच्याही पुढे होतो. सगळा गट माझ्याकडे पाहत होता. लगेच ब्रेक मारून धापा टाकायला लागलो, पण उशीर झाला होता. (खऱ्या धापा टाकत मागून सॅशा येत होती.)

"काका, सकाळपासून नाटक चाललं होतं ना तुमचं?" तिने विचारलं. मी सायकलची घंटी उगाच दोनदा वाजवली. तेव्हा ती जरा हळू आवाजात म्हणाली, "मला सायनलाच कळलं होतं. पण मला पण कुठे घाई होती? रूमवर लवकर जाऊन काय करायचं?"

घरी आलो, चहा टाकला. सवयीने दोन कप झाला. दोन्ही मीच प्यायलो आणि वैभवच्या उपायावर पाणी पडलं. फार एकटं वाटलं रे. मग विचार केला, तिकडे भरल्या घरातसुद्धा तू दार लावून पडून असतोस, तुझ्यामागे कोण राहत असेल?

असो. कॉलिनला आणि सूनबाईंना आशीर्वाद. हे सगळं तुला कळावं म्हणून लिहिलं, आणि दुसरं कुणाला लिहावं तेही कळेना.

तुझा,
शिडीच्या मागच्या टोकाचा आनंदा

ता. क. सॅशाने अनुजाला काय सांगितलं कोण जाणे, पण येत्या रविवारी केरसुणी म्हणून माझी नेमणूक झाली आहे. त्यामुळे शेवटच्या सायकलस्वाराची जागा रिकामी पडली. उमेदवाराचे गुडघे खराब हवेत, दर कोपऱ्यावर थांबायची खोड हवी आणि चाल गोगलगायीची हवी. असा मुंबई इलाख्यात मला एकच माणूस ठाऊक आहे.

ता. क. २. वसईला जाताना माझ्याकडे ठेवून गेलेली तुझी काळी सायकल मी साफ करून घेतली. गुडघे वाकणार नाहीत म्हणून सीट तेवढी वर केली आहे. शनिवारीच मुक्कामाला ये, तुझी गादीही उन्हात टाकून ठेवली आहे.

ता. क. ३. सुरुवातीला मी मजेत आहे असं लिहिलंय, ते पत्राची रीत म्हणून. पुन्हा वाचशील तेव्हा तेवढं वाक्य गाळ. आणि उत्तर पाठवू नकोस, फोनही करू नकोस. नुसता ये. तू पुढे राहा, मी मागे आहे.