बंड्याचं ऑपरेशन

ता. ६ फेब्रुवारी

ती. स्व. वन्सं यांस,
कृ. सा. न. वि. वि.

फोनवर मोकळं बोलता येत नाही, हे सतत बाजूलाच असतात, म्हणून लिहिते आहे. तुमच्या भावाची तब्येत तशीच. पातळ केलेलं तेवढं उतरतं, तेही प्रत्येक घोटाला छातीवर मूठ दाबून थांबावं लागतं. वजन इतकं उतरलंय की कामावरच्या पँटला दोरी बांधतात.

काल सर्जनबाईंनी बोलावलं होतं. केमोमुळे यकृतावरचे डाग गेलेत, एकच उरलाय. त्या म्हणाल्या, अन्ननलिकेतली गाठ आणि तो डाग, दोन्ही काढायचा प्रयत्न करता येईल. अन्ननलिका काढायची, जठराची नळी करायची आणि ती वर ओढून गळ्याशी जोडायची. पसरलेल्या आजारात सहसा हे करत नाहीत, हेही त्यांनी लपवलं नाही. आधी पोटात दुर्बीण घालून बघणार. आणखी कुठे काही दिसलं, तर पुढचं काहीच न कापता थांबणार. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं काय, तर तुमच्या लिफ्टचा ब्रेक घासतोय, ते कुणाला सांगायचं! बाई हसल्या. मला रडू आलं.

मी हो म्हणून बसले आहे. हे गप्प आहेत, आणि गप्प म्हणजे हो, असं मी धरून चालले आहे. तुम्ही मोठ्या आहात, तुम्हीही एकदा त्यांना सांगा. माया आहेच तुमची, आता थोडा धीरही पाठवा.

तुमची भावजय

ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

समोर बायको माझ्या गोळ्या कुटते आहे. तिला वाटतंय, मी तुझ्या गुडघ्याची चौकशी करतोय. तर, गुडघा कसा आहे? झाली चौकशी.

ताई, मला ते ऑपरेशन नको आहे. लिफ्ट दुरुस्त करताना डोक्यावर तिचा डबा टांगलेला आणि मी खाली खड्ड्यात, असं निम्मं आयुष्य काढलं. कधी पोटात गोळा आला नाही, कारण ब्रेक मी स्वतः तपासलेला असायचा. इथे मी झोपलेला असणार. हेच ऑपरेशन झालेल्या एका ट्रकवाल्याला बघून आलो. बरगड्यांतून नळ्या, आवाज फाटका. तो बिचारा म्हणाला, केलं ते बरंच केलं. पण माझ्या डोळ्यांपुढून त्या नळ्या काही हलत नाहीत.

आणि इकडे बायको पुन्हा हसायला लागली आहे. परवा पडदे धुवायला काढले. तिला नाही कसं म्हणू? तू सांग तिला, तुझ्याच मनातलं म्हणून सांग. तुझं ती ऐकते, माझं या घरात कोण ऐकतं?

एवढं कर. मग हवं तेवढं ओरड.

तुझा
बंड्या

ता. १६ फेब्रुवारी

चि. बंड्यास,
अ. उ. आ.

गुडघा दुखतो आणि तुला अजून अक्कल आलेली नाही. हे काम मी करणार नाही. लहानपणी तू फोडलेल्या काचा मी माझ्या अंगावर घेतल्या, हे नाही घेता यायचं. मी नको म्हटलं आणि तू गेलास, तर तिने माझं तोंड तरी का बघावं? आणि मी कर म्हटलं आणि तू टेबलावरच... जाऊ दे, पुढचं लिहवत नाही.

तुझं पत्र आल्यापासून माझाही जीव थाऱ्यावर नाही. शिवणाच्या वर्गात काल एका मुलीच्या झग्याला मी बाही उलटी जोडून दिली, आणि तिला रागावलेही मीच.

ऑपरेशन नको, हे तिला नंतर सांग. आधी घाबरलायस एवढंच सांग. ती मोडून पडायची नाही.

ओरडले म्हणून रुसू नकोस. तुझ्यावर जीव आहे म्हणूनच ओरडते.

तुझी
ताई

ता. ४ मार्च

ती. स्व. वन्सं यांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी ह्यांनी सांगितलं. मी भांडी घासत होते. मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, मला फार भीती वाटते गं. मी नळ तसाच वाहू दिला, मलाही मोठ्याने रडायचं होतं. मी नको म्हटलं तर मी आशा सोडली असं ह्यांना वाटेल, म्हणून मी हो हो करत होते, हेही सांगून टाकलं. मग त्यांनीच ठरवलं, की निदान दुर्बिणीने बघू तरी द्यावं, आणि आणखी काही नसलं तर कापूही द्यावं.

काल नेलं. बाईंनी आधीच पेनाने अंगावर खुणा केल्या होत्या, पोटावर, कुशीवर, मानेवर. दिवस जाईल म्हणाल्या होत्या, म्हणून मी विणकाम घेऊन बसले. नाश्त्याच्या गाड्या अजून फिरत होत्या, तेवढ्यात त्या बाहेर आल्या. मी वर बघितलंच नाही, त्यांच्या चपलांकडे बघत राहिले. पोटाच्या आतल्या पडद्यावर बारीक बारीक दाणे पसरलेत म्हणाल्या. कापण्यात अर्थ नव्हता. गिळता यावं म्हणून अन्ननलिकेत जाळीची नळी बसवली, तेवढंच.

हे शुद्धीवर येईपर्यंत मी शब्द जुळवत होते. डोळे न उघडताच त्यांनी हात वर नेला आणि मान चाचपली. तिथे टाका नव्हता. मग कूस चाचपली. मग माझा हात धरला.

पुढे दुसऱ्या औषधांची केमो देऊन बघू म्हणतात. किती काळ, ते कुणी बोलत नाही, आणि मीही विचारत नाही. आम्हां दोघांना मनात असू द्या.

तुमची भावजय

ता. १९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

काल उकडलेला बटाटा खाल्ला. सरळ खाली उतरला. बायको श्वास धरून माझ्या गळ्याकडे बघत होती. मग दोघं हसलो.

दुपारी पडलो की डोळे मिटायला नको वाटतं. खिडकीत बसून राहतो. ती शेजारी खुर्ची ओढून बसते, पण तीही रस्त्याकडेच बघते.

तू ये. गुडघ्याला काय बांधायचं ते बांध, पण ये. परवा मी उगाच म्हटलं, छताला काळा रंग देऊ या. बायको लगेच हो म्हणाली. कंपनीतला साहेब येऊन गेला, तोही माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. ताई, आता कुणी माझ्याशी भांडतच नाही. त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

वाट बघतो.

तुझा
बंड्या