शॉकपचा जुना चिमटा

९ जून २००३, सोमवार
मनगट आज पुन्हा सुजलं. मागच्या पावसाळ्यात सागाच्या मुळीवरून सायकल उडाली, डबा खाली, मी त्याच्यावर. माशांचं बीज, नखाएवढी पिलं, मातीत तडफडत होतं आणि मी मनगट धरून बसलो होतो. हाड जुळलं, पण ढग आले की सगळ्यात आधी ह्यालाच कळतं.

संध्याकाळी मच्छीमार सोसायटीची बैठक. गाळ काढायला उन्हाळ्यात तलाव पूर्ण रिकामा केला होता, आता त्यात एक मासा नाही. यंदा जेवढं बीज पडेल तेवढेच मासे. वीस घरं त्यावर. अध्यक्ष मारोतीभाऊ म्हणाले, "बीज तूच आण. तुह्या बापानं तीस वर्सं आणलं. पण औंदा सांडवू नको गा." सगळे हसले. मीपण हसलो. नसतो हसलो तर बरं झालं असतं.

११ जून
डोक्यात एकच. सासुरवाडीच्या बोडीपासून, त्या लहान तळ्यापासून, आपला तलाव अकरा कि.मी., सगळं जंगल. मुळ्या, गोटे, मधे नाला. पूल नाही, जीप येत नाही. बाबा कावडीनं आणायचे, पायी. मी दोन वर्षं सायकलनं, डबा पुढे हँडलखाली टांगून. दणके थेट मनगटात. डब्यातलं पाणी उसळून तोंडावर यायचं. मोठी माणसं असे दणके सहन करत नाहीत, नखाएवढ्या पिलांचं काय होत असेल.

तालुक्याला कॉलेजच्या पोरांकडे शॉकपवाल्या सायकली आहेत. पुढचा चिमटा दबतो, वर येतो. तसा चिमटा पाहिजे. नवा परवडत नाही. जुना.

१४ जून, शनिवार. चांदा
एस.टी.च्या टपावर सायकल टाकून नेली. नजीरभाई मिस्त्रीचं दुकान म्हणजे एक चिंच आणि तिला टांगलेले सायकलींचे अवयव. चिमटे तीन. एकाची नळी वाकलेली. दुसरा आपल्या चाकाला लहान. तिसरा बरा, फ्रेम तुटलेल्या कुठल्यातरी सायकलचा, हँडल-चाक अजून लावलेलं. म्हणाला, "ब्रेक पकड और दाब." दाबला. खाली गेला, सुस्कारा टाकून वर आला. पुन्हा दाबला. डावा पाय लगेच वर, उजवा जरा मागून. आतली स्प्रिंग थकलेली. बोटाने पुसलं तर तेलकट.

"उजवा लंगडून राह्यला ना भाऊ."
"पुराना माल है. तेरे को घोडदौड में जाना है क्या?"

वरची नळी आपल्या फ्रेमला दोन आटे कमी. त्याने एक वायसर काढून टाकला तेव्हा नट बसला. कटोरीत नवे छर्रे, नवं ग्रीस. म्हणाला, चहाचा भरला गिलास ठेव, मूल गावापर्यंत सांडणार नाही. किंमत इथे लिहीत नाही. पैसे कमी पडले, लग्नातलं घड्याळ काढून दिलं.

घरी सुमन माझ्या रिकाम्या मनगटाकडे बघत होती. मग म्हणाली, "माह्या बाबांनी देल्लं होतं ते." बस, एवढंच. बायकोने भांडण केलं असतं तर सोपं गेलं असतं.

१५ जून
बाबांना चिमटा दाखवला. दिवाळीत लकवा झाला तेव्हापासून उजवी बाजू आणि बोलणं दोन्ही गेलं. डावा हात चालतो. डॉक्टर म्हणतात, समजतं सगळं. मला दर वेळी खात्री वाटत नाही.

खाटेजवळ सायकल उभी केली, हँडल दाबून दाखवलं. खालीवर, खालीवर. बाबा बघत राहिले. मग डावा हात खाटेच्या पाटीवर आपटायला लागले. थप थप, थप थप. थांबेचनात. म्हटलं, घड्याळाचं कळलं वाटतं. राग आला असेल.

४ जुलै
जिरं आलं, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली माशांची पिलं. रोहू आणि कटला. मामाजींच्या बोडीत सोडलं. सासरे असले तरी माणूस मोकळा, घड्याळाबद्दल एक शब्द नाही. सुमनने सांगितलंच नसेल. डोळ्याला दिसत नाही एवढे जीव, पाण्यात नुसती धूळ. यातून वीस घरांचं वर्ष निघायचं आहे हे कोणाला खरं वाटेल?

२७ जुलै, रविवार
आज कोरी तालीम. डब्यात नुसतं पाणी भरलं, खाली गवताची गादी, वर ओलं फडकं. गावाबाहेर नाल्यापर्यंत जाऊन आलो. थेंब सांडला नाही! पाणी आरशासारखं. मनगट दुखलं नाही. नजीरभाई खोटं बोलला नव्हता. वर्षभराने मला झोप लागेल असं वाटलं.

आनंदाने डबा बाबांसमोर नेऊन ठेवला. "बगा बाबा, हालत बी नाई." त्यांनी डबा बघितला, मला बघितलं आणि माझ्या दुखऱ्या मनगटावरच डावा तळवा आपटायला लागले. थप थप. कळ डोक्यात गेली. मी हात हिसडला. ओरडलो, "काऊन करून राह्यले असं? मले चांगलं करू द्या ना एक तरी काम!" पेला कलंडला. सुमन आतून आली, तिनेच पाणी पुसलं.

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. लकव्याच्या माणसाला येतं, म्हणतात. आज असंच लिहून ठेवतो.

२ ऑगस्ट, शनिवार
बीज नखाएवढं झालं. अर्धं आज, अर्धं पुढच्या खेपेला असं ठरलं. उजाडताना बोडीवरून निघालो. डबा भरून, फडकं बांधून. सावकाश. मुळ्यांवरून सायकल अशी गेली की मलाच नवल वाटत होतं. दर मैलाला थांबून ऐकायचो. डबा शांत. किती छान शांत आहेत, असं मनात…

नाल्याशी फडकं सोडलं. सगळी वर आलेली. तोंडं पाण्याबाहेर, हजार तोंडं, हवा गिळत होती. अर्धी तर आडवी झाली होती. हात घातला, का घातला ठाऊक नाही, ढवळायला लागलो. हाताभोवतालची थोडी खाली गेली. पोहली. हात थांबला की पुन्हा वर. मग हाताने पाणी मारतच राहिलो, उचलून उचलून पाडत, नाल्याचं ताजं पाणी घालत. जगली ती मुठीत मावतील एवढीच.

दणक्यांनी पाणी उसळायचं, त्यात वारा मिसळायचा, त्यावर ती जगायची. दोन वर्षं मी ज्याला शिव्या दिल्या त्या रस्त्यानेच त्यांना जगवलं होतं. मी बोडीपासून नाल्यापर्यंत त्यांचा श्वास कोंडत आलो, तेही किती काळजीने.

पाणी मारताना हाताचा आवाज येत होता. थप थप.

३ ऑगस्ट
घरातून निघालो नाही. मारोतीभाऊ दारात येऊन उभे राहिले. मी सगळं सांगितलं, लपवलं नाही. ते रागावले नाहीत, त्यानेच जास्त लागलं. "आता बोडीत उरलं तेवढंच. ते गेलं तं पुढल्या साली लोकं तलाव ठेकेदाराले देऊन टाकतीन. मी नाई थांबवू शकनार." जाताना सायकलकडे बघून म्हणाले, "सायकल मातर भारी केली गा."

बाबांच्या खोलीत गेलो नाही.

५ ऑगस्ट
आज गेलो. बादलीत पाणी, त्यात त्या दिवशीची वाचलेली दहा-बारा पिलं. खाटेशी ठेवली. बाबांनी डावा हात आत टाकला. तळवा आडवा करून वरून पाणी मारलं. थप थप, दम घेऊन पुन्हा थप थप. तोच ताल, पाटीवरचा. दीड महिना माणूस मला सांगत होता. पाण्याशिवाय सांगत होता म्हणून मला कळलं नाही, आणि मी त्यांच्यावर ओरडलो.

पाया पडलो. एवढ्याने भागत नाही, मला माहीत आहे.

सुमन दारात होती. म्हणाली, "मंग कावडच काढा ना."

७ ऑगस्ट
आढ्यावरची कावड काढली. बांबू अजून तसाच लवचिक. दोन मडकी दोन टोकांना बांधून अंगणात चाललो. बाबा बसून बघत होते. साधं चाललं की मडकी नुसती लोंबकळतात. बाबांनी हात जोरात आपटला. नाही. अर्धं धावत, गुडघे मोडून चाललो, तेव्हा बांबू लवला आणि दोन्हीकडे पाणी एकदम उसळलं. हात थांबला. तीस वर्षं ते असं लचकत लचकत का चालत होते ते आज कळलं. गावात पोरं त्या चालीची नक्कल करायची. लहानपणी मीही केली आहे.

संध्याकाळपर्यंत खांदा सोलून निघाला.

१० ऑगस्ट, रविवार
उरलेलं बीज आणलं. सुमन सोबत आली, मी नको म्हटलं तरी. खांदा बदलताना मी थांबलो की ती लोट्याने मडक्यातलं पाणी उचलून वरून पाडायची. नाल्यात कमरेएवढं पाणी होतं. ती पुढे, मी मागे. एकदा पाय घसरला, मडकं कलंडलं नाही. ती एवढंच म्हणाली, "घड्याळ नाई म्हून बरं. किती येळ लागला ते कळत नाई."

तलावाशी मारोतीभाऊंनी बाबांना बैलबंडीत बसवून आणलं होतं. फडकी सोडली. काही मेलेली होती. काही कसली, बरीच मेली होती. पण खाली काळं काळं हालत होतं. किती, ते नाही सांगता येत. मडकी पाण्यात कलती केली आणि ती गेली. गढूळ पाणी, दोन बोटं खोल गेली की दिसेनाशी झाली.

मारोतीभाऊ म्हणाले, "आता जाळं टाकू तवाच कळन." म्हणजे थंडीत.

१८ ऑगस्ट
चिमटा काढला, कावडीच्या जागी टांगला. सायकलला जुना घातला, वायसरसकट. मारोतीभाऊंचा जावई विचारत होता, शॉकप विकतोस का. अजून उत्तर दिलं नाही. विकला तर घड्याळ सोडवता येईल, नजीरभाईने ठेवलं असेल तर.

सकाळी बाबांना तलावाशी नेलं. रोज नेतो. काही दिसत नाही, तरी ते बघत बसतात. एक बगळा काठावर उभा होता. म्हटलं, "बाबा, त्याले तरी काई दिसत असन ना?" त्यांनी बगळ्याकडे पाहिलंच नाही.

परत बंडीत बसवायला हात दिला, चुकून दुखराच. त्यांनी मनगट आपल्या मांडीवर ओढून घेतलं. डाव्या तळव्याने त्यावर थप थप केलं, दोनदा, हळू. शाबासकी होती, की अजून काही सांगायचं राहिलं आहे, ते मला कळलं नाही. कळ आलीच. या वेळी मी हात काढून घेतला नाही.